भिंत बुजण्यापूर्वी

(बी. ए., द्वितीय वर्ष)

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. दोन्हींत माणूस कर्जबाजारी होतो, एवढाच तिचा अर्थ लावला जातो. परंतु एका बाबतीत या दोन कार्यांत मोठाच फरक आहे. लग्नाचे फोटो हळदीपासून निघतात. मांडवाचे खांब रोवतानाचेसुद्धा निघतात. घराचे फोटो मात्र निघतात ते वास्तुपूजेच्या दिवशी, रंगरंगोटी आटोपल्यावर आणि दारावर आंब्याचे तोरण लागल्यावर. म्हणजे घराच्या पोटात जे काही आहे ते सगळे कायमचे बुजून गेल्यावर. हे बुजण्यापूर्वी घ्यायच्या फोटोंविषयी मला या लेखात लिहायचे आहे.

विषय ऐकून आमच्या सरांनी "हा आयटीआयच्या अंकातला लेख नव्हे काय?" असे हसत विचारले. त्यांचा प्रश्न रास्तच होता. माझे विषय मराठी वाङ्मय, इतिहास आणि समाजशास्त्र. वायरिंगचे शिक्षण मी घेतलेले नाही. तथापि माझे वडील गवंडी आहेत आणि आई लग्नापासून त्यांच्या हाताखाली रेजा म्हणून राबली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पण परातीच्या आणि थापीच्या गोष्टी ऐकतच मी लहानाची मोठी झाले. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, असे समजून वाचकांनी पुढे वाचावे.

चार वर्षांपूर्वी आम्ही बल्लारपुरातच भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. आजोबांचे वर्षश्राद्ध होते आणि त्यांची तसबीर समोरच्या भिंतीवर लावायची होती. मामा गोंडपिपरीकडून मुद्दाम आले होते. बाबांचे जुने, लोखंडी अंगाचे ड्रिल मशीन घेऊन ते स्टुलावर चढले. भिंत मोकळी होती. बटणांचा बोर्ड डावीकडे दाराजवळ, बल्ब उजवीकडे खिडकीच्या वर. मध्ये काहीच नाही, असे कोणीही म्हटले असते. मामांनी बरोबर मध्यावर भोक पाडायला घेतले आणि दुसऱ्याच क्षणी ते स्टुलासकट खाली होते. ज्या वायरमनने त्या खोलीचे काम केले होते त्याने बोर्डापासून पाईप सरळ वर न नेता भिंतीतून तिरपा थेट बल्बाकडे काढला होता. त्यात दोन-तीन फूट पाईप आणि तेवढी वायर वाचली असेल. ड्रिलची पाती नेमकी चालू तारेत घुसली. स्टूल कलंडले आणि हात सुटला म्हणून मामा वाचले. नाहीतर आजोबांच्या शेजारी दुसरी तसबीर लावायची वेळ आली असती. मनगटाचे हाड मोडले, तळहात भाजला, आणि ऐन रोवणीच्या दिवसांत तीन महिने ते घरी बसून होते. त्यांचा उजवा हात अजूनही पूर्वीसारखा वळत नाही.

पुढे ती भिंत फोडली तेव्हा तो तिरपा पाईप मी पाहिला. भिंतीचे पोट मी प्रथम पाहिले ते त्या दिवशी.

वास्तविक पूर्वीच्या घरांत ही भानगड नव्हती. माझ्या आजोळच्या घराच्या भिंती कुडाच्या आहेत. बांबूच्या कामट्यांचा तट्टा, त्यावर माती आणि शेण. त्या भिंतीत काय आहे हे लहान पोरालाही ठाऊक असते, कारण दर दिवाळीच्या आधी ती लिंपताना सगळे घर हजर असते. वीज आली तेव्हा ती भिंतीच्या आतून आली नाही, अंगावरून आली. जुन्या पक्क्या घरांतही सागवानी पट्ट्या भिंतीवर ठोकून त्यांवर चिमट्यांनी तारा बसवलेल्या असत. आपल्या बल्लारपूरच्या सागवानाला देशभर मागणी, त्यामुळे आमच्याकडे पट्टीचा तुटवडा पडण्याचे कारण नव्हते! तार कुठून येते, कुठे जाते, हे खोलीत शिरल्याबरोबर दिसे. नंतर प्लास्टिकची केसिंग-कॅपिंग आली. तीही भिंतीच्या वरूनच. मग लोकांना ती पट्टी खुपू लागली. भिंत कशी तुळतुळीत हवी, असे वाटू लागले. तेव्हापासून वायरिंग भिंतीच्या आत गेले. मी त्याला वाईट म्हणत नाही. तारेला उंदीर लागत नाहीत, ओल लागत नाही, लहान मुलांचा हात जात नाही. काम नीट केले तर ते अधिक सुरक्षितच आहे. पण डोळ्यांना जे आपोआप कळत होते ते आता कोणीतरी लिहून किंवा काढून ठेवल्याशिवाय कळत नाही, एवढी एक गोष्ट आपण विसरलो.

भिंतीवर सिमेंटचा जो थर देतात त्याला पुस्तकात गिलावा म्हणतात. आमच्याकडचे मिस्त्री त्याला छपाई म्हणतात. आमचे गाव कागदाचे. इथे कागद कारखान्याचा भोंगा आणि छपाई हे दोन्ही शब्द एकाच घरात ऐकू येतात. मला लहानपणी फार गंमत वाटे, की कागदावरच्या छपाईने मजकूर दिसू लागतो आणि भिंतीवरच्या छपाईने तो दिसेनासा होतो. असो.

आता कोणी म्हणेल, यात काय मोठेसे? ज्याने काम केले त्याला विचारावे. बाबाही हेच म्हणत. "फोटो कायले पाहिजेत? मिस्त्रीच्या डोक्यात सगळं राहते." हे खरेही आहे. बाबांच्या डोक्यात निदान पन्नास घरे आहेत. कोणत्या घराच्या मोरीचा पाईप कुठून वळवला, कोणत्या जिन्याखाली जुनी विहीर बुजवली, हे ते जेवता जेवता सांगू शकतात. म्हणूनच त्यांना आठ-आठ, दहा-दहा वर्षांनी फोन येतात. एकदा रात्री नऊ वाजता एका बाईंचा फोन आला. बाथरूमच्या भिंतीतून पाणी पाझरत होते, पलीकडच्या खोलीत धान्याची पोती भिजत होती, आणि घर बांधताना सगळे व्यवहार पाहणारे त्यांचे यजमान वर्षापूर्वीच वारले होते. नळाचा पाईप कुठून गेला आहे हे सांगणारे जगात बाबा एकटेच उरले होते. बाबांनी डोळे मिटून सांगितले, "खिडकीखालून आडवा गेला आहे, कोपऱ्यात एल्बो आहे, तिथं फोडा." तिथेच गळती निघाली. त्या रात्री त्यांचा मला अभिमान वाटला, पण झोप मात्र आली नाही. बाबा आता पंचावन्नचे आहेत. त्या पन्नास घरांचे पुढे काय?

आणि बाबांसारखे सगळेच नसतात. मिस्त्री गाव सोडतात, वायरमन कामासाठी तेलंगणात जातात, ठेकेदार फोन बदलतो. स्मरणशक्ती हे चांगले साधन आहे, परंतु ते घरमालकाच्या हातात नसते.

आमचे स्वतःचे घर उभे राहू लागले ते घरकुल मंजूर झाल्यावर. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. तिच्यात ज्याची स्वतःची जागा आहे त्याने स्वतः घर बांधायचे, असा एक घटक आहे. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात. टप्पा झाला की नाही हे ठरवतो फोटो. पाया, लिंटेल, छत, पूर्ण घर अशा प्रत्येक टप्प्याला अक्षांश-रेखांशासह छायाचित्र घेतले जाते आणि ते इस्रोच्या 'भुवन' या नकाशावर चढते. खेड्यांतील घरकुलांनाही अशीच पद्धत आहे. विचार केला तर ही इतिहासातली नवलाची गोष्ट आहे. खांडक्या बल्लाळशहाने वर्धेच्या काठी आमचा किल्ला बांधला, त्याच्या बांधकामाचे एकही चित्र नाही; आणि रेजाकाम करणाऱ्या बाईच्या तीस चौरस मीटरांच्या घराच्या प्रत्येक टप्प्याचे चित्र उपग्रहाच्या नकाशावर आहे.

परंतु हे फोटो बाहेरून घेतलेले असतात, आणि त्यांचा हेतू वेगळा आहे. पैसा घरात गेला की नाही हे त्यांतून समजते. घरात तार कुठून गेली, ते समजत नाही. समोर मालक उभा, मागे भिंत. पहिला फोटो काढला गेला तेव्हा आई नवे लुगडे नेसून पायाजवळ उभी राहिली होती. तो पाहूनच माझ्या मनात आले, की सरकार आपल्या समाधानासाठी चार फोटो काढते, तर आपण आपल्या समाधानासाठी चाळीस का काढू नयेत? कॉलेजसाठी घेतलेला मोबाईल माझ्याजवळ होताच.

अशा कामाला जगात जुनी परंपरा आहे, हे मला नंतर वाचनालयात कळले. लंडनचा प्रसिद्ध क्रिस्टल पॅलेस सिडनहॅमला पुन्हा उभारला जात होता तेव्हा, १८५२ ते १८५४ या काळात, फिलिप डेलामोट नावाच्या छायाचित्रकाराने त्याच्या उभारणीचे टप्प्याटप्प्याने फोटो घेतले. ती इमारत १९३६ साली जळून गेली. तिचा सांगाडा कसा जोडला होता ते आज त्या फोटोंत दिसते. (याच इमारतीत १८६६ च्या आगीत मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे अजिंठ्यात बसून केलेल्या चित्रांच्या कितीतरी प्रतिकृती जळाल्या, म्हणून महाराष्ट्राच्या विद्यार्थ्याने तिचे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही.) पॅरिसचा आयफेल टॉवर १८८७ ते १८८९ मध्ये चढत होता तेव्हाही एकाच जागेवरून वेळोवेळी फोटो घेतले गेले. १८९५ साली राँटगेनने आपल्या पत्नीच्या हाताचे हाडांचे चित्र काढले; शरीर न फोडता आत पाहता येऊ लागले. भिंतीचा असा क्ष-किरण फोटो आपल्याला परवडणारा नाही. तिचे हाड उघडे असतानाच तो घ्यावा लागतो.

घराच्या पोटात पाहण्याची संधी कितीदा मिळते? आमच्या अनुभवाप्रमाणे चार वेळा, आणि प्रत्येक वेळी फार तर दोन-तीन दिवस.

पहिली वेळ स्लॅबची. सेंट्रिंगवर लोखंडी सळयांची जाळी बांधून झाली, की वायरमन त्या जाळीत प्लास्टिकचे पाईप टाकतो, पंख्याचे आणि दिव्यांचे डबे बसवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सर येतो आणि संध्याकाळपर्यंत सगळे काँक्रीटखाली जाते. मी जिन्यावरून वर गेले तेव्हा वायरमन वाकून काम करत होता. मला पाहून त्याने विचारले, "कायचे फोटो काढून राहिली तू?" मी सांगितले. त्याचा चेहरा उतरला. "कोनाले दाखवतेस? काम बरोबर नाही वाटत का?" मला काय उत्तर द्यावे ते सुचेना. कारागिराच्या कामाचा फोटो म्हणजे त्याच्यावरचा अविश्वास, असे त्याला वाटले. आणि खरे सांगायचे तर मामांच्या हातामुळे माझ्या मनात थोडा अविश्वास होताही. बाबांनी मध्ये पडून सांगितले, "पोरीले शिकाचं आहे." तो काही बोलला नाही. मी फोटो काढले. शेवटी त्याला म्हटले, "भाऊ, तुम्ही उभे राहा ना, तुमचाही काढते." तो जाळीच्या मध्यभागी, आपल्या पाईपांच्या मध्ये उभा राहिला. दोन दिवसांनी त्यानेच बाबांकडे निरोप पाठवला, की तो फोटो मला पाठवा. अठरा वर्षे तो हे काम करतो आहे. त्याच्या घरी त्याच्या कामाचे एकही चित्र नव्हते, कारण त्याचे सगळे काम झाकण्यासाठीच असते. मग पुढच्या प्रत्येक टप्प्याला तो आपण होऊन सांगू लागला, "बाई, उद्या पाईप बसवतो, ये."

दुसरी वेळ भिंतींची. विटांचे बांधकाम झाल्यावर कटरने झिऱ्या मारतात, त्यांत पाईप आणि बोर्डाचे डबे बसवतात, वरून कोंबडी-जाळी लावतात म्हणजे छपाईला चीर जात नाही. याच वेळी नळाचेही पाईप बसतात. पाईप बोर्डापासून सरळ वर किंवा सरळ आडवा जावा, तिरपा कधीही जाऊ नये, हा नियम आहे. तो पाळला असेल तर फोटो नसतानाही माणूस अंदाज करू शकतो. आमच्या वायरमनला मी मामांची हकीकत सांगितली होती. त्याने सगळे पाईप ओळंब्यात नेले. साडेचार इंची भिंतीत लांब आडवी झिरी मात्र बाबा मारू देत नाहीत. भिंत तिथे कापल्यासारखी अशक्त होते.

माझे पहिले फोटो अगदी निरुपयोगी निघाले. मी उत्साहाने पाईपाच्या जवळ जाऊन बारीकसारीक तीसेक फोटो घेतले. घरी पाहिले तर प्रत्येकात पाईप आणि विटा, पाईप आणि विटा. बाबा म्हणाले, "हे आपल्याच घरचं आहे हे तरी कायवरून?" शिवाय आमच्या विटा राखेच्या. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र कोळसा जाळते, त्याच्या राखेपासून त्या होतात. राखाडी विटांवर राखाडी पाईप फोटोत ओळखूच येईना. म्हणून मग प्रत्येक पाईपावर गेरूने रेघ ओढली. भिंतीसमोर अगदी सरळ उभे राहून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आणि जमिनीपासून स्लॅबपर्यंत सगळी भिंत एका फोटोत घेतली. बाजूने घेतला तर दूरचा फूट जवळच्या फुटापेक्षा लहान दिसतो. खोली दहा बाय दहाची असल्यामुळे मागे सरकायला जागा नव्हती, तेव्हा दोन तुकडे घेतले, पण दोन्हींत एकच डबा येईल असे. भिंतीवर मोजपट्टी एक उभी, एक आडवी लावली. गेरूने भिंतीवरच लिहिले: पूर्व भिंत, पहिली खोली, चौकटीपासून ३ फूट २ इंच. गवंडी इंचाखाली सूत मोजतात. तितक्या बारकाईची गरज नाही, खिळा काही सुतावर ठोकत नाहीत.

तरी एक मोठी चूक झालीच. उंची मी जमिनीपासून मोजली होती. बाबांनी पाहिले आणि हसले. जमीन अजून झालीच नव्हती! मुरूम, कोबा आणि त्यावर फरशी मिळून ती चार इंचांनी वर येणार होती, म्हणजे माझे प्रत्येक माप चार इंचांनी खोटे ठरणार होते. गवंडी पाण्याच्या नळीने घरभर एक लेव्हलची खूण मारतो. ती होणाऱ्या फरशीपासून धरलेली असते. मापे त्या खुणेपासून किंवा स्लॅबच्या तळापासून घ्यावीत. छपाईचा अर्धा इंच कोपऱ्यातही वाढतो, तोही ध्यानात ठेवावा. स्लॅबच्या फोटोचा घोटाळा याहून मजेदार आहे. तो आपण वरून घेतो आणि पुढे वापरतो ते खालून, छताकडे मान वर करून पाहताना. वरून जे उजवीकडे ते खालून डावीकडे. कागद उलटा करून उजेडात धरावा तसे ते चित्र उलटावे लागते. हे मला सुचायला दोन दिवस लागले. म्हणून फोटोत उत्तर दिशेचा बाण आणि बीम दिसलेच पाहिजेत.

तिसरी वेळ तारा ओढण्याची. ही छपाईनंतर येते, आणि तेव्हा कधी कधी नकाशाच बदलतो. स्लॅबमधल्या एखाद्या पाईपाचा सांधा सुटलेला असला की त्यात सिमेंटचे पाणी शिरते, पाईप बंद होतो आणि तार पुढे सरकत नाही. मग वायरमन दुसरीकडून नवी झिरी मारतो. आमच्या मागच्या खोलीत तसेच झाले. आधीच्या फोटोवर विसंबून राहिलो असतो तर फोटोनेच फसवले असते. म्हणून जुन्या फोटोवर फुली मारून नवा घेतला.

याच वेळी बोर्डाचे झाकण बसण्यापूर्वी आत पाहून घ्यावे. आपल्या भागासाठी ही गोष्ट फारच महत्त्वाची आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि घरोघर लोखंडी कूलर चालतो. लोखंड, पाणी, वीज आणि घामेजलेला अनवाणी माणूस एका जागी आले, म्हणजे अपघाताला आणखी काय लागते? कूलरच्या शॉकने माणूस गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. त्यावरचा उपाय म्हणजे तीन पिनांच्या प्लगातील वरची जाड पिन, अर्थात अर्थिंग. कूलरच्या पत्र्यात वीज उतरली तर ती माणसातून न जाता हिरव्या तारेने जमिनीत जावी, अशी ती योजना आहे. पण भिंतीवरच्या सॉकेटला तीन भोके आहेत म्हणून मागे तीन तारा असतीलच असे नाही! हिरवी तार वाचवणारे पुष्कळ आहेत. झाकण बसल्यावर दोन तारांचा सॉकेट आणि तीन तारांचा सॉकेट अगदी जुळ्या भावांसारखे दिसतात. आमच्या प्रत्येक सॉकेटचा झाकणापूर्वीचा फोटो आहे आणि प्रत्येकात हिरवी तार स्क्रूखाली आवळलेली दिसते.

ती तार जिथे पोचते तो अर्थिंगचा खड्डा ही चौथी वेळ. घरापासून निदान दीड मीटर दूर, अडीच मीटर लांबीचा जस्ताचा मुलामा दिलेला पाईप जमिनीत उभा, भोवती कोळसा आणि मीठ. आमच्याकडे खड्डा खणताना तीन फुटांवर खडक लागला, आणि मजुराने "एवढा पुरे" असे म्हणून फावडे ठेवले. मी मोजपट्टी खड्ड्यात सोडून फोटो काढायला उभी राहिले. तीन फुटांचा फोटो कसा दिसेल हे त्याच्याही ध्यानात आले असावे. तो काही न बोलता दुसरीकडे खणू लागला. दुपारी मी त्याला चहा नेऊन दिला, कारण त्याच्यावर माझ्यामुळे दोन खड्ड्यांचे काम पडले होते आणि मजुरी मात्र एकाची ठरली होती. बाबांनी पुढे अर्धी मजुरी वाढवून दिली.

येथे थोडे विषयांतर करते, पण ते आवश्यक आहे. पुष्कळांचा समज असा, की फ्यूज किंवा एमसीबी असला म्हणजे शॉक लागत नाही. ते चूक आहे. फ्यूज तारेला जळण्यापासून वाचवतो. माणसाला मारायला लागणारा प्रवाह इतका थोडा असतो की फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. माणसासाठी आरसीसीबी नावाचे वेगळे साधन असते. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह ते सतत ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरच्या आसपास फरक पडला, म्हणजे वीज कुठेतरी वाट चुकून जमिनीत जात आहे असे समजून क्षणार्धात बंद होते. मामांच्या वेळी ते असते तर त्यांची रोवणी चुकली नसती. आमच्या घरकुलात ते बसवले आहे, आणि त्याच्यापायी आईने टीव्हीचा विचार पुढे ढकलला.

भिंतीत काय आहे हे न कळण्याची किंमत कधी कधी याहून फार मोठी असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. तिथल्या भिंती दगडांच्या, रुंद आणि बाहेरून भक्कम दिसणाऱ्या. परंतु आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते, मध्ये माती आणि चिपा भरलेल्या होत्या. हादरा बसताच दोन्ही थर फाकले आणि झोपलेल्या माणसांवर आले. तेव्हा फोटो असता तर भिंत पडली नसती, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण बाहेरून पाहून भिंतीची पारख होत नाही, हे त्या रात्रीने दाखवले. आज कॉलमच्या रिंगा किती इंचांवर आहेत, सळयांवर ४० मिलिमीटरचे काँक्रीटचे आवरण राहील असे ठोकळे लावले आहेत की नाही, हे काँक्रीट पडण्यापूर्वीच दिसते. आमच्या आठही कॉलमचा मोजपट्टीसह एकेक फोटो आहे. बाबांना वाटते, मी त्यांच्या कामाचे कौतुक म्हणून तो काढला. आणि तेही खोटे नाही.

फोटो घेतले की काम संपत नाही. माझा मोबाईल गेल्या पावसाळ्यात भिजला आणि बंद पडला. वायरमनला आणि मामेभावाला मी बरेच फोटो आधी पाठवले होते म्हणून निभावले. स्लॅबचे चार कायमचे गेले. त्यानंतर उरलेले सगळे फोटो स्टुडिओतून कागदावर काढून घेतले. दोनशे पानी वहीत एका पानावर एक भिंत, बाजूला पेनने काढलेला नकाशा आणि मापे, खाली तारीख. ही वही आईच्या पेटीत घरटॅक्सच्या पावत्या आणि वायरमनने दिलेला टेस्ट रिपोर्ट यांच्यासोबत असते. मोबाईल दर तीन-चार वर्षांनी बदलतो, घर बदलत नाही. आणि वही उघडायला पासवर्ड लागत नाही, हे आईच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. ती चौथी शिकलेली आहे. फोटो आणि आकडे तिला समजतात. ही वही कोणाच्याही हाती देऊ नये, असे बाबांनी बजावले आहे. घराचा सगळा आतला भाग तिच्यात आहे.

वहीचा उपयोग आतापर्यंत तीनदा झाला. पंख्याशेजारी आकडा मारायचा होता तेव्हा. न्हाणीघरात आरसा लावला तेव्हा. आणि आजोबांची तसबीर लावली तेव्हा. तसबिरीसाठी मामांनाच बोलावले होते. त्यांनी वहीतले पान पाहिले, भिंतीकडे पाहिले, पुन्हा पान पाहिले. मग मेन स्विच बंद करायला सांगितले आणि ड्रिल बाबांच्या हातात दिले.

एक पान मात्र कोरे आहे. स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या भिंतीत पाईप बसला त्या दिवशी माझा सेमिस्टरचा पेपर होता. संध्याकाळी घरी आले तेव्हा छपाई होऊन भिंत ओली होती. वायरमनला विचारले तर म्हणाला, वर सरळच गेला आहे, पण मध्ये बीमचे लोखंड लागले म्हणून थोडा वळवला. डावीकडे की उजवीकडे, ते आठवत नाही. त्या पानावर मी 'माहीत नाही' एवढेच लिहिले आहे. आईला त्याच भिंतीवर डब्यांची फळी हवी आहे. तिचे डबे अजून खाली, खोक्यावर मांडलेले आहेत.